आधी 'कूड्री' म्हण

चि. बाळू,

परवा फोनवर तू म्हणालास, मम्मी, त्या बाईचा नवरा गेलेला, ती रडाय लागली आणि मला काय बोलायचं सुचंना, मी फाईल घेऊन बाहेर जाऊन उभारलो. मी नुसतं हूं हूं केलं कारण कुकर लावलेला आणि तुझे पप्पा शेजारीच टीव्ही मोठ्यानं लावून बसलेले, खरं रात्रभर तेच डोक्यात फिरलं म्हणून आज हे लिहाय बसले. लांब होणार आहे, नाईट ड्युटीला सावकाश वाच. नागनहळ्ळीच्या पोलिस ट्रेनिंग कॉलेजात तुला परेड शिकवली, कायदा शिकवला, फायरिंग शिकवलं, ते सगळं लागतंयच, मी नाव ठेवत नाही. खरं समोर कोण रडत असेल तर हात कुठं ठेवायचे, ते मलापण कुणी शिकवलं नव्हतं.

आणि तू तर बाहेर जाऊन उभारलास. मी त्याच्यापेक्षा वाईट केलंय, तुला कधी सांगितलं नाही.

उसाचा सीझन होता, मी नवीनच दफेदार, म्हणजे हेड कॉन्स्टेबल, झालेली. रात्री दोन ट्रेलरचा भरलेला ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला बंद पडलेला, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर, आणि एक पोरगा मोटरसायकलवरून सरळ मागनं घुसला, जागेवरच गेला. खिशातल्या मोबाईलमध्ये 'घर' म्हणून नंबर होता. महजर, म्हणजे पंचनामा, लिहायचं चालू होतं, साहेब म्हणाले घरी कळवा, मी सकाळपासून बंदोबस्ताला उभारून पाय सुजलेली, लावला फोन आणि कर्नाटकातल्या स्टेशनातली सवय म्हणून कन्नडातच सुरू केलं, निम्म मगा, म्हणजे तुमचा मुलगा, ॲक्सिडेंट, सिव्हिल हॉस्पिटल, असं एका दमात. पलीकडं त्याची आई. तिला निम्मं कळलं, निम्मं नाही. ती मराठीत म्हणाली, "बाई, त्यालाच द्या की फोन, तो सांगंल मला नीट."

मी मराठी, ती मराठी, आणि मी तिला ती गोष्ट ऑफिसच्या कन्नडात सांगत होते. कुणी जबरदस्ती केली नव्हती रे, युनिफॉर्म अंगावर आला की जीभच तिकडं वळायची. मग मराठीत सांगितलं. ती त्या वेळी घरात एकटी होती हे मला दुसऱ्या दिवशी तिच्या दिरानं सांगितलं, तोपण रागानं नाही, असंच बोलता बोलता, म्हणून जास्त लागलं.

त्यानंतर असा निरोप मी फोनवर कधी दिला नाही. आपल्या हद्दीत असेल तर स्वतः जायचं नाहीतर बीटच्या माणसाला पाठवायचं, आणि महाराष्ट्रातलं, कागल-चंदगडकडचं गाव निघालं तर तिकडच्या स्टेशनला सांगायचं, त्या बाजूला गावात पोलिस पाटील असतोय, तो घरची माणसं ओळखत असतोय. अर्धा तास जास्त जातो, साहेब कधी कधी कटकट करतात, करू देत. घरात गेल्यावर आधी बघ अजून कोण आहे, बसव, आणि मग सरळ सांग की गेला. आपल्याकडं 'सीरियस आहे, लवकर या' म्हणायची जी पद्धत आहे ना ती मला अजिबात पटत नाही, माणसं वाटभर देवाला नवस बोलत येतात आणि तिथं आल्यावर पोस्टमॉर्टेमच्या दारात त्यांना कळतंय. सांगणाऱ्याचं तेवढं सुटतंय त्यात, बाकी काय नाही.

आता 'कूड्री'चं. आपल्याकडं घरात कोण आलं की कन्नडात बर्री, कूड्री, म्हणजे या, बसा म्हणतात आणि स्टेशनात आलं की मात्र "काय पाहिजे?" मी होते त्या एका स्टेशनात आलेल्या माणसांना बसायला म्हणून एकच बाकडं होतं आणि त्याच्यावर जप्त केलेल्या सायकलची चाकं आणि जुन्या फायली. एका रविवारी मीच सगळं उचलून मुद्देमालाच्या खोलीत टाकलं, स्टेशनातलं लिखाण बघणारा रायटर आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. खरं बसलेला माणूस हळू बोलतोय, आणि हळू बोलला की नीट सांगतोय.

आणि लिहून घेतलेलं वाचून दाखवायचं, तेपण त्याला कळंल अशा भाषेत. भाषेचं माझं, खरं वाचून दाखवायचं हे काय माझ्या मनाचं नाही, पूर्वीच्या सीआरपीसीच्या १५४ मध्ये होतं, आता १ जुलै २०२४ पासून जी नागरिक सुरक्षा संहिता आली तिच्या १७३ मध्येपण आहे, वाचून दाखवायचं आणि कॉपी फुकट द्यायची. आपलं लिखाण कन्नडात असतंय. खेड्यातल्या मराठी आजीला ते कन्नडातच भराभरा वाचून अंगठा घेतला की कायद्याचं काम झालं, तिचं झालं नाही. एका आजीला बांधावरनं मारहाण झालेली, मी ओळ ओळ मराठीत सांगत गेले तर ती मधेच म्हणाली, अगं भाच्यानं नाही, भाच्याच्या पोरानं मारलं, भाचा बिचारा सोडवाय आलेला. रायटरनं भाच्याचं नाव घातलेलं! अंगठा घेतला असता तर तो बिचारा कोर्टाच्या तारखा करत बसला असता. तू विजापूरकडं आहेस, तिथं उलटं होईल, कुणी उर्दूवाला येईल, कुणी लमाणी बोलणारी बाई येईल, तेव्हा त्यांच्यातलं कुणीतरी शेजारी बसवून घे. आणि 'हे आमच्या हद्दीत येत नाही' म्हणून हाकलू नको, त्याच १७३ मध्ये लिहिलंय की गुन्हा कुठंपण झालेला असू दे, तक्रार घ्यायची. निपाणी आणि कागलच्या मधे लुटलेला माणूस इकडनं तिकडं हेलपाटे मारताना बघितलाय मी.

मऊ वागलं की लोकं डोक्यावर बसतात असं तुझा तो बॅचमेट म्हणतो म्हणे. त्याला सांग, चहा पाजून हिंडलग्याच्या जेलला किती जणांना पाठवलंय ते तुझ्या मम्मीला विचार म्हणावं.

२०१९ च्या पुरात कृष्णाकाठाला ड्युटी होती, यमगर्णीजवळ हायवेवर पाणी आलेलं ते दिवस. एक म्हातारा घर सोडायला तयार नाही, दोन पोलिसांनी दम दिला, एकानं दंडाला धरलं, तो खांबाला मिठी मारून बसला. मी विचारलं, मामा, म्हशी किती? दोन म्हणाला. त्या कुठं बांधायच्या ते आधी ठरवलं, उंचावरच्या शाळेच्या पटांगणात नेल्या, तर म्हातारा आपल्या पायानं पाठोपाठ चालत आला. गंजी केंद्रात, म्हणजे पूरग्रस्तांच्या छावणीतपण जेवायच्या आधी त्यांचा चारा बघून आला.

१ नोव्हेंबरचं काय सांगू. एकीकडं कन्नडवाल्यांची राज्योत्सवाची मिरवणूक, एकीकडं मराठी माणसांची काळ्या दिनाची सायकल फेरी, मधे मी काठी घेऊन. इकडचे म्हणायचे आपलीच असून अडवतीस, तिकडचे म्हणायचे ही त्यांच्यातलीच. दोन्हीकडच्या पोरांना ऊन लागायचं तेव्हा पाणी मात्र माझ्याच बाटलीतलं प्यायचे. जाऊ दे, तो विषय घरी आल्यावर.

तुझ्या त्या बाईचं एक बघ. यूडीआर, म्हणजे अनैसर्गिक मृत्यूची नोंद, झाली असेल तर ती परत येणार, कागदासाठी येतातच, पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट विम्याला लागतोय, बँकेत विचारतात. बरोबर कुणी असेलच असं नाही. कॉपी काढून ठेव, म्हणजे तिला तीन वेळा बसभाडं घालून यायला लागणार नाही. आली की खुर्ची दे, तूपण बस, आणि रडली तर रडू दे, मधे मधे काय बोलायची गरज नाही, फक्त फोन उलटा ठेव.

रविवारी मामाचा सुहास तिकडं यायलाय, त्याच्याकडं कुंदा आणि तुझा निळा स्वेटर दिलाय. कुंदा रायटरलापण दे.

मम्मी