पटवर्धन आणि दूरदर्शन

आनंद पटवर्धन यांच्या कारकिर्दीवरचा रविवार पुरवणीतील लेख वाचला. त्यांचे माहितीपट एकांगी असल्याने दूरदर्शनने ते नाकारले यात काही वावगे नव्हते, हा त्यातील निष्कर्ष पटला नाही. पटवर्धन बाजू घेतात आणि ती लपवतही नाहीत, हे मान्य. पण अयोध्येच्या मंदिर-मशीद वादावरील ‘राम के नाम’ला राष्ट्रीय पुरस्कार देणारे सरकार आणि तो दाखवायला नकार देणारे दूरदर्शन यांत तेव्हा अंतर ते किती होते? अखेर न्यायालयाच्या आदेशाने तो १९९७ मध्ये पडद्यावर आला. ‘पितृ, पुत्र और धर्मयुद्ध’चा वाद तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. माहितीपट सुट्या दृश्यांवरून नव्हे, तर समग्रपणे जोखावा, असे सांगत न्यायालयाने २००६ मध्ये त्याच्या प्रक्षेपणाचा आदेश दिला. लेखात या निकालाचा साधा उल्लेखही नाही. एकांगीपणाचेच म्हणाल, तर मुंबईतील रमाबाई नगर या दलित वस्तीत १९९७ मध्ये झालेल्या पोलीस गोळीबारानंतर १४ वर्षे चित्रित होत राहिलेला ‘जय भीम कॉम्रेड’ दलित नेत्यांच्या तडजोडींनाही सोडत नाही. लेखकाने तो बहुधा पाहिलेला नसावा.

– एक वाचक, डोंबिवली