हवालदार काका, तुमचे आभार मानायचे राहिलेत

नमस्कार काका,

समोर बोललो तर तुम्ही "बास बास, चहा घ्या" म्हणून विषय बदलणार, म्हणून इथं सगळ्यांसमोर लिहितोय. हिडकल धरणाच्या बॅकवॉटरला आज आपली पोरं शिडाची बोट चालवतात, तेही एक रुपया फी न भरता, ते तुमच्यामुळं.

बेळगावात समुद्र नाही तर सेलिंग कसलं, असं जो तो म्हणायचा. तुम्ही लष्करात ईएमईत, म्हणजे गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात, असताना हैदराबादच्या हुसेनसागर तलावावर शिकलेला, त्यामुळं तुम्हाला तो प्रश्नच पडला नाही. नेहा ठाकूरनं २०२३ च्या एशियन गेम्समध्ये सेलिंगचं सिल्व्हर आणलं तर मोबाईलवर ती बातमी घेऊन तुम्ही घरोघरी फिरलात, ही पोरगी भोपाळच्या तलावावर शिकली, मध्य प्रदेशात कुठं समुद्र आहे सांगा, असं मराठीत एका घरी आणि कन्नडमध्ये शेजारच्या घरी.

संस्था रजिस्टर करायला १९६० च्या कर्नाटकच्या कायद्यानं कमीत कमी ७ मेंबर लागतात, सातवी सही तुमची. कन्नडमधले बायलॉजपण तुम्हीच लिहून दिलात.

पण मला सगळ्यात जास्त आभार मानायचेत ते तुमच्या हट्टाचे. देणगी आली तशी सगळ्यांना बोटींची घाई, आणि तुम्ही म्हणालात आधी लाइफ जॅकेट, मग मोटरची रेस्क्यू बोट, त्यातनं उरतील त्यात ऑप्टिमिस्ट, म्हणजे पोरांच्या छोट्या शिडाच्या बोटी. अन् पोरांना शीड हातात द्यायच्या आधी बोट मुद्दाम उलटी करायला लावली. बोट सोडून काठाकडं पोहायचं नाही, तिला धरून राहायचं, मग डॅगरबोर्डवर, म्हणजे बोटीच्या तळातनं खाली जाणाऱ्या फळीवर, वजन टाकून सरळ करायची, पुन्हा उलटी, पुन्हा सरळ. अजूनपण प्रत्येक पोराचं जॅकेट तुम्ही खांद्याला धरून वर ओढून बघता आणि कानापर्यंत सरकलं की पट्टे परत आवळता, मागं लाइन लागली तरी. काठावर उभं राहून हे बघणाऱ्या आयांनीच नंतर आपणहून पोरींची नावं दिली, आमच्या पॅम्प्लेटनं ते झालं नसतं हो.

पावसाळ्याआधी बोटी बाहेर काढून शिडं धुवून वाळवायची आहेत. त्या दिवशी काकूंनापण घेऊन या, जेवण आमच्याकडं आहे आणि तुम्ही नाही म्हणायचं नाही.

तुमचा,
संस्थेचा सेक्रेटरी आणि सगळी पोरं