शेअर कोणता ते सांगता, पण तो कोणाला झेपेल ते?

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या बाजाराच्या पानावर शॉर्ट टर्म ट्रेडिंगचे सल्ले येतात, अमुक लेव्हल (ठरावीक भाव) तुटली की घ्या, तमुक टार्गेट, आणि मधूनमधून इंट्राडे (त्याच दिवशी घेऊन विकणं) बरं की स्विंग (काही दिवस धरणं) असा एखादा मोठा लेखही असतो. लेख बरे असतात, चार्ट नीट समजावलेला असतो, शिकायला मिळतं. पण फिरून फिरून गाडी एकाच प्रश्नावर येते, की कुठल्या पद्धतीत पैसा जास्त? मला हा प्रश्नच उलटा वाटतो. प्रत्येक पद्धतीत कमावणारे थोडे आणि घालवणारे भरपूर असतात, मग पद्धतीला मार्क देण्याआधी ती वापरणारा माणूस कसा आहे हे नको का बघायला? ते कोणी बघत नाही म्हणून हे पत्र.

स्कॅल्पिंगचंच घ्या. काही सेकंद ते काही मिनिटांचा खेळ, दिवसभरात ढीगभर सौदे, प्रत्येकात थोडासा फायदा. सगळ्यांचा समज असा की उतावळ्या माणसाला हे जमेल, ज्याला थांबवत नाही, ज्याला लगेच रिझल्ट पाहिजे. माझं मत बरोबर उलटं आहे. स्कॅल्पिंग हे अत्यंत थंड डोक्याच्या, जवळजवळ कंटाळवाण्या माणसाचं काम आहे, जो तोटा दिसला की काही विचार न करता बाहेर पडतो आणि पुढच्या मिनिटाला काही झालंच नाही अशा थाटात नवीन सौदा घेतो. उतावळा माणूस घुसतो पटकन पण निघत नाही, आणि निघाला की मागचा तोटा वसूल करायला दुप्पट क्वांटिटी घेऊन परत घुसतो, त्यात दिवसाचं सगळं जातं. वर खर्च वेगळाच. समजा येण्याजाण्याचा खर्च, म्हणजे ब्रोकरेज, कर आणि खरेदी-विक्रीच्या भावातला फरक धरून, एका सौद्याला ०.१ टक्का पडला आणि पूर्ण कॅपिटल लावून दिवसात २० सौदे केले, तर बाजार हलला नाही तरी २ टक्के गेले. एका दिवसात! हे गणित ज्याला रोज बसून मांडायचा कंटाळा आहे त्याने स्कॅल्पिंगच्या वाटेला जाऊ नये, इतकं सरळ आहे.

आणि जास्त सौदे म्हणजे जास्त पैसा हा गैरसमज तर संशोधनानेही मोडलाय. बार्बर आणि ओडीन या दोन अभ्यासकांनी अमेरिकेतल्या एका ब्रोकरकडची ६६ हजारांवर कुटुंबांची १९९१ ते १९९६ मधली खाती तपासली, तर सगळ्यात जास्त उलाढाल करणाऱ्यांना वर्षाला ११.४ टक्के मिळाले आणि बाजार होता १७.९ टक्क्यांवर. तैवानमधल्या १९९२ ते २००६ च्या डे ट्रेडर्सचा, म्हणजे इंट्राडे करणाऱ्यांचा, अभ्यासही त्यांनीच इतरांसोबत केलाय, त्यात खर्च वजा जाता सातत्याने कमावू शकणारे १ टक्क्याहून कमी निघाले. हे आकडे घाबरवायला लिहीत नाहीये, ज्याला करायचंय तो करणारच, पण निदान आपण कुठल्या गर्दीत उभे आहोत ते माहीत असावं.

इंट्राडेबद्दल थोडक्यात. रात्री काही हातात ठेवायचं नाही, बाजार बंद व्हायच्या आत स्क्वेअर ऑफ, म्हणजे सौदा मिटवायचा, त्यामुळे झोप शांत. ज्यांना रात्री बातम्यांची धास्ती वाटते त्यांना हे मानवतं. पण दिवसभर स्क्रीनसमोर बसायची तयारी पाहिजे, आणि खरी परीक्षा मधल्या वेळेत होते. बहुतेक बाजारांत सुरुवातीला आणि शेवटी उलाढाल जोरात असते, दुपारी सगळं मंद, आणि नेमकं त्या मंद वेळेत नुसतं बसवत नाही म्हणून लोक कसलेही सौदे घेतात. हात बांधून बसता येणं हीच इथली पात्रता आहे असं मला वाटतं, बाकी इंडिकेटर वगैरे कोणालाही शिकता येतात. नोकरी करता करता मीटिंगमध्ये टेबलाखाली फोन धरून जे इंट्राडे करतात त्यांच्याबद्दल काय बोलायचं, ना धड काम ना धड ट्रेड.

स्विंग म्हणजे काही दिवस ते काही आठवडे. नोकरीवाल्याला सगळ्यात सोयीचं, संध्याकाळी तासभर चार्ट बघा, ऑर्डर लावा, संपलं. ज्याला अभ्यास करायला आवडतं, निर्णयाला वेळ लागतो, त्याच्यासाठी हेच. फक्त एक गोष्ट लेखांमध्ये फार हळू आवाजात सांगतात, ती म्हणजे गॅप. रात्रीतून कंपनीचा खराब निकाल आला आणि शेअर सकाळी ८ टक्के खाली उघडला, तर तुमचा ३ टक्क्यांवरचा स्टॉपलॉस (ठरलेल्या तोट्याला बाहेर काढणारी ऑर्डर) तिथे लागत नाही, जो भाव मिळेल त्या भावाला निघता. म्हणजे स्टॉपलॉस लावलाय म्हणून निर्धास्त, असं नसतं. ज्याला हे कळल्यावर रात्री तीनदा उठून फोन बघावासा वाटतो त्याने एकतर क्वांटिटी निम्मी करावी किंवा स्विंग सोडावं. मधला मार्ग म्हणजे निकालाच्या आदल्या दिवशी बाहेर पडणं, बरेच जण तसं करतात.

आता मला जे मुख्य सांगायचंय ते. सौदा किती वेळ धरायचा ही झाली एक बाजू, दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आणि तिच्यावर कोणी लिहीतच नाही, ती म्हणजे तुम्हाला किती वेळा चुकलेलं सहन होतं. ब्रेकआउट (भावाने लेव्हल तोडली की घेणं) किंवा ट्रेंड पकडणाऱ्या पद्धतीत साधारणपणे निम्म्याहून जास्त सौदे तोट्यात जातात, पण जे लागतात ते मोठे लागतात. उलट पडलेला शेअर उसळेल म्हणून घेणारे, म्हणजे भाव सरासरीकडे परत येईल यावर खेळणारे, त्यांचे बरेचसे सौदे बरोबर येतात पण फायदा छोटा, आणि कधीतरी एखादा शेअर परत येतच नाही तेव्हा महिनाभराची कमाई घेऊन जातो. कागदावर बघा, शंभरातले ४० सौदे बरोबर आणि प्रत्येकात तोट्याच्या अडीचपट फायदा, तर शंभर सौद्यांमागे एका तोट्याच्या ४० पट रक्कम हातात राहते. शंभरातले ७० बरोबर पण फायदा तोट्याच्या ०.६ पट, तर राहते १२ पट. म्हणजे पहिली पद्धत सरळसरळ चांगली, नाही का?

कागदावर हो. पण पहिल्या पद्धतीत शंभर सौद्यांमध्ये कुठेतरी ओळीने सातेक तोटे येणं अगदी नॉर्मल आहे, गणितानेच येतात, त्यात तुमची चूक काही नसते. दुसऱ्या पद्धतीत तीन-चार. आता स्वतःला विचारा, सलग सात वेळा तोटा झाल्यावर आठवा सौदा त्याच नियमाने, त्याच क्वांटिटीने घेणार का? बहुतेक जण पाचव्यालाच पद्धत बदलतात, यूट्यूबवर नवीन स्ट्रॅटेजी शोधतात, आणि मोठा फायदा देणारा सौदा नेमका त्यानंतर येतो. ज्या माणसाला बरोबर असण्याची हौस आहे, वादात शेवटचा शब्द आपलाच पाहिजे असं ज्याचं असतं (असे लोक घरोघरी असतात), त्याला पहिली पद्धत कितीही फायद्याची असली तरी पचत नाही. पण त्याला दुसरीतही धोका आहेच, कारण चुकलो हे मान्य न करता तो पडत्या शेअरमध्ये ॲव्हरेज करत, म्हणजे खालच्या भावाला आणखी घेत बसतो, आणि या पद्धतीत बुडायचा राजमार्ग तोच आहे.

यातच रिस्कचा आकडा येतो. प्रत्येक सौद्यात कॅपिटलच्या १ टक्का रिस्क घेतली, म्हणजे चुकलो तर तेवढंच जाईल असं ठरवलं, तर सलग सात तोट्यांत साधारण ७ टक्के जातात, सोसता येतं. ५ टक्के घेतली तर ३० टक्के जातात. १० टक्के घेतली तर निम्म्याहून जास्त कॅपिटल गेलं, आणि निम्मं गेलेलं परत आणायला १०० टक्के कमवावे लागतात. तापट माणसाने तर आपल्याला वाटते त्याच्या निम्मीच रिस्क घ्यावी, हे माझं मत आहे, शास्त्र नाही.

स्वभावाचा आणखी एक किस्सा सगळ्यांनीच पाहिला असेल. सकाळी इंट्राडे म्हणून शेअर घेतला, तोट्यात गेला, स्टॉपलॉस आधी सरकवला मग काढून टाकला, आणि शेवटी 'कंपनी चांगली आहे' म्हणत डिलिव्हरीत टाकला, म्हणजे न विकता खात्यात ठेवून दिला. सकाळचा इंट्राडेवाला संध्याकाळी लाँग टर्म इन्व्हेस्टर! आणि फायद्यात असलेला मात्र दहा मिनिटांत विकून मोकळा. शेफ्रिन आणि स्टॅटमन या अभ्यासकांनी १९८५ मध्ये ही सवय नीट मांडली होती, आणि पुढे ओडीनने १० हजार खाती तपासून दाखवलं की विकायची संधी असताना लोक फायद्यातले १४.८ टक्के शेअर विकतात आणि तोट्यातले फक्त ९.८ टक्के. वर विकून टाकलेले फायद्यातले शेअर पुढच्या वर्षभरात धरून ठेवलेल्या तोट्यातल्यांपेक्षा सरासरी ३.४ टक्क्यांनी जास्त चालले. म्हणजे आपण नेमकं उलटं विकतो. ही खोड ज्याच्यात जास्त आहे त्याने स्टॉपलॉस मनात ठेवायच्या भानगडीत पडू नये, ऑर्डर सिस्टिममध्ये टाकून ॲप बंद करावं.

यावर कोणी म्हणेल की म्हणजे ट्रेडरचा म्हणून एक खास स्वभाव असतो, तो असला तरच जमतं. तसंही नाहीये. अर्थशास्त्रज्ञ अँड्र्यू लो आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये ८० डे ट्रेडर्सची पाच आठवडे पाहणी छापली, रोजच्या भावना आणि रोजचा नफातोटा जुळवून बघितला. त्यांना असा कुठलाही खास ट्रेडर स्वभाव सापडला नाही, शांत, बडबडे, चिकट, बिनधास्त, कोणीही चालतो. सापडलं ते एवढंच की फायद्याने फार हुरळणारे आणि तोट्याने फार खचणारे, दोन्हीकडे जोरात झुलणारे, त्यांची कामगिरी वाईट होती. यातलं मला हुरळणं जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण तोट्याचं दुःख सगळे कबूल करतात पण मोठा फायदा झाल्यावर दुसऱ्या दिवशी क्वांटिटी वाढवून तो परत देऊन टाकतात ते कोणी मोजत नाही. रिचर्ड डेनिस या अमेरिकन ट्रेडरने १९८३ साली काही लोकांना निवडून आपले नियम शिकवले होते, टर्टल म्हणून ते ओळखले गेले, ते शेअरमध्ये नव्हते, फ्यूचर्समध्ये (पुढच्या तारखेच्या सौद्यांमध्ये) होते, पण नियम तेच, गुरू तोच, तरी सगळ्यांचे निकाल सारखे आले नाहीत. दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा घातला की त्याला स्पष्ट दिसतं म्हणून आपल्यालाही दिसेल असं होत नाही.

मग आपला नंबर कसा काढायचा? पेपर ट्रेडिंगने निघत नाही हे मी ठामपणे सांगतो, खोट्या पैशात प्रत्येकजण संत असतो. खरे पैसे पण सगळ्यात लहान क्वांटिटी, आणि वहीत प्रत्येक सौद्यापुढे दोनच गोष्टी लिहायच्या, किती वेळ धरायचं ठरवलं होतं आणि खरं किती वेळ धरलं. बाकीची सगळी जर्नलगिरी नंतर. पाच दिवसांसाठी घेतलेले सौदे सतत दुसऱ्या दिवशी विकले जात असतील तर तुम्ही स्विंगवाले नाही, कितीही वाटत असलं तरी. आणि दहा मिनिटांसाठी घेतलेले तीन दिवस पडून राहत असतील तर स्कॅल्पिंग आजच बंद. ही वही कोणाला दाखवायची नसते त्यामुळे तिच्यात खोटं लिहायचं कारणच नाही.

आता तुमच्याकडे मागणी. तुमच्या सल्ल्यांच्या चौकटीत भाव, टार्गेट आणि स्टॉपलॉस असतो, त्यात आणखी एक ओळ घाला, की हा सौदा किती दिवसांचा आहे आणि दिवसातून किती वेळा बघावा लागेल. त्याशिवाय सल्ला अर्धाच आहे, दहा मिनिटांचा विचार करून लिहिलेली लेव्हल माणूस दहा दिवस धरून बसतो. आणि टार्गेट लागले की तुम्ही ठळक टाइपात छापता, तसे स्टॉपलॉस उडालेले सौदेही ओळीने, तारखेप्रमाणे, त्याच टाइपात छापा. सलग सहा-सात तोटे छापलेले दिसले की ही पद्धत आपल्याला झेपेल की नाही ते वाचकाला स्वतःचे पैसे न घालवता कळेल. रोज नको, महिन्यातून एकदा चालेल.

आपला,
बाजाराचं पान आधी उघडणारा एक वाचक