बूट काढून आमच्या बोटीवर पाऊल ठेवणाऱ्या दादांस

आदरणीय दादा,

तुमचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण निघताना तुम्ही स्वतःच तसे सांगितले होते. तुम्हाला मराठी येत नाही हेही मला ठाऊक आहे. या पत्राचे इंग्रजी भाषांतर माझी मुलगी करणार आहे आणि ते तुमच्या धक्क्यावर पोहोचते होईल. तरीही मी ते आधी मराठीत लिहीत आहे, कारण त्या संध्याकाळी मी इंग्रजीत दहा-बारा वेळा ‘थँक यू’ म्हटले आणि मला जे सांगायचे होते ते मनातच राहिले. शिवाय जॉर्जियाच्या खाडीत कोळंबी पकडणारा एक माणूस आमच्याशी कसा वागला, हे माझ्या माणसांनाही कळावे अशी माझी इच्छा आहे.

त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला लागून, नद्या, खाड्या आणि खोदलेले कालवे एकमेकांना जोडत गेलेला एक जलमार्ग आहे. त्याला इंट्राकोस्टल वॉटरवे म्हणतात. व्हर्जिनियातील नॉरफोक येथे त्याचा शून्य मैल धरतात आणि तेथून मायामीपर्यंत तो सुमारे १,०९० मैल जातो. ऑक्टोबर लागला की थंडी चुकवण्यासाठी उत्तरेकडच्या बोटी या वाटेने दक्षिणेला निघतात. माझे यजमान निवृत्त झाल्यावर आम्हीही आमची ३४ फुटी शिडाची बोट घेऊन चेसापीक उपसागरातून निघालो. तिला पाच फूट पाणी लागते. कागदोपत्री या मार्गाची खोली फ्लोरिडातील फोर्ट पिअर्सपर्यंत १२ फूट आहे; प्रत्यक्षात समुद्राची तोंडे जेथे जेथे या वाटेला येऊन मिळतात तेथे वाळू आणि गाळ भरत राहतो, आणि उपसणाऱ्यांचे हात सगळीकडे पोहोचत नाहीत. जॉर्जियातील डोबॉय साउंड आणि अल्टामाहा साउंड या दोन रुंद खाड्यांच्यामधला ‘लिटल मड रिव्हर’ हा तुकडा त्यासाठी बोटवाल्यांमध्ये प्रसिद्धच आहे. त्याच्या नावातच चिखल आहे. तेथून भरतीचे पाणी चांगले चढलेले असतानाच जावे, हे आम्हाला माहीत होते. परंतु त्या सकाळी इंजिनाला गार पाणी पुरवणाऱ्या जाळीत गवत अडकले, ते काढण्यात दीड तास गेला आणि आम्ही उतरत्या पाण्यावर तेथे पोहोचलो. एवढी चूक आमची होती, ती मी नाकारत नाही.

दादा, तो दिवस आमच्या लक्ष्मीपूजनाचा होता. लक्ष्मीपूजन अमावास्येला येते आणि अमावास्येला समुद्राला उधाण असते, हे देवगडकडच्या माझ्यासारख्या मुलीला कोणी शिकवावे लागत नाही. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत पाणी थोडे चढते आणि थोडे उतरते. उधाणाला मात्र ते चढते तेवढेच खाली जाते. आमच्याकडे ओहोटीला सुकती म्हणतात, आणि तुमच्या जॉर्जियात भरती-ओहोटीतला फरक सात-आठ फुटांचा, उधाणाला त्याहूनही अधिक असल्यामुळे तेथली सुकती काय असते ते त्या दिवशी मी डोळ्यांनी पाहिले.

लाल त्रिकोणी खूण उजव्या हाताला ठेवून आम्ही हळूहळू चाललो होतो. मागून एक तीनमजली मोटरबोट आली आणि तिने वाट मागितली. यजमानांनी वेग कमी करून तिला वाट दिली. अशा वेळी पुढे जाणाऱ्यानेही वेग कमी करायचा, म्हणजे लहान बोटीला लाट बसत नाही, हा या जलमार्गावरचा साधा शिष्टाचार आहे. त्या माणसाने वेग कमी केला नाही. त्याच्या लाटेने आमची बोट उचलली, कडेला नेली आणि चिखलावर आपटली. सकाळचे अकरा वाजले होते. पाणी चाललेच होते.

पुढच्या तासाभरात जे घडले त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. रेडिओच्या १६ नंबरच्या चॅनेलवर आम्ही मदत मागितली, तेव्हा एका आवाजाने ‘पुढच्या वेळी वाट सोडू नका’ एवढेच ऐकवले. बोटी ओढून काढणाऱ्या ज्या कंपनीला आम्ही दरवर्षी वर्गणी भरतो, तिच्या फोनवरच्या माणसाने सभासद क्रमांक तीन वेळा विचारला, ‘परत फोन करतो’ म्हणाला आणि पुन्हा कधीही फोन केला नाही. दरम्यान आमच्या शेजारून पाच बोटी गेल्या. त्यांपैकी एकच हळू गेली. दुसऱ्या एका बोटीवरच्या बाईंनी तर आमच्या कललेल्या बोटीचा फोटो काढला. प्रत्येक लाटेबरोबर आमचा तळ चिखलावर आदळत होता आणि तो आवाज मला पायांच्या तळव्यांतून कळत होता. माणसे क्रूर होती असे मी म्हणणार नाही. त्यांना पुढे पोहोचायचे होते आणि आम्ही त्यांना दिसत होतो, यापलीकडे त्यांच्या लेखी आमचे काही नव्हते.

मग त्या उंच गवताच्या आडून, आम्हाला जेथे खाडी आहे असे वाटलेही नव्हते तेथून, तुमची सपाट तळाची अॅल्युमिनियमची होडी आली. तुम्ही आधी इंजिन बंद केले आणि मगच बोललात, हे माझ्या चांगले लक्षात आहे. तुम्ही आम्हाला कुठून आलात, कुठे चाललात, या वाटेने कशाला आलात, यातले काही विचारले नाही. ‘कोणाला लागले तर नाही ना?’ हा तुमचा पहिला प्रश्न होता. आमचा दुसरा नांगर तुम्ही तुमच्या होडीत घेतला, खोल पाण्याकडे नेऊन टाकला, दोर ताणून आमच्या हातात दिला आणि बोट ज्या बाजूला कलत होती तेथे आमचेच फेंडर, म्हणजे बोटीला धक्का बसू नये म्हणून कडेला टांगतात ते फुगे, आणि तुमच्याकडचे दोन जुने टायर सरकवून ठेवलेत. माझे यजमान पुन्हा पुन्हा स्वतःला दोष देत होते. त्यांना तुम्ही म्हणालात की खुणा जेथल्या तेथेच आहेत, चिखल सरकला आहे. त्या एका वाक्याने त्यांचा चेहरा बदलला. पाणी संध्याकाळी सातच्या सुमारास पुन्हा उचलेल असे सांगून आणि सहा वाजता परत येतो असा शब्द देऊन तुम्ही गेलात.

तीन वाजता आमच्या बोटीभोवती पाणी नव्हतेच. राखाडी चिखल, त्यात खेकड्यांची भोके, कालवांच्या धारदार शिंपल्यांचे ढीग आणि चहूकडे गवत. बोट इतकी कलली होती की मी केबिनच्या भिंतीला पाय लावून बसले होते. तुम्ही परत याल की नाही, याविषयी आमच्या दोघांच्या मनात शंका होती. ती मी येथे कबूल करते आणि तिच्याबद्दल तुमची क्षमा मागते.

साडेपाचला पाणी वळून आल्याचे दिसू लागले आणि मला दिवेलागणीची आठवण झाली. पणती त्या उतारावर राहिली नसती, म्हणून मी मूठभर कणीक मळली, तिचा दिवा केला, केबिनमध्ये उतरण्याच्या सर्वांत वरच्या पायरीवर तो दाबून चिकटवला, तूप घातले आणि वात लावली. बोट कललेली असली तरी ज्योत सरळ उभी होती. शेजारी चिमूटभर हळद-कुंकू वाहिले. त्या दिवशी आमच्या घराचा उंबरठा तोच होता.

तुम्ही सहाला दहा कमी असताना आलात. आत पाणी शिरले आहे का ते पाहण्यासाठी तुम्हाला आमच्या बोटीवर यायचे होते. तुम्ही कठड्याला हात घातला, एक पाय वर टाकला आणि तुम्हाला तो दिवा दिसला. तुम्ही थांबलात. तो कशाचा आहे हे तुम्ही विचारले नाही, आणि मीही काही सांगितले नव्हते. तुम्ही कठड्यावर बसलात आणि गुडघ्यापर्यंत येणारे ते पांढरे रबरी बूट, जे तुमच्याकडचे सगळे कोळी घालतात, एकेक करून ओढून काढलेत. उजवा लवकर निघेना, तेव्हा तुम्ही टाच धरून तो हलवत राहिलात. दोन्ही बूट तुम्ही तुमच्या होडीत शेजारी शेजारी उभे करून ठेवलेत, हात पँटला पुसलेत आणि मग ओल्या मोज्यांनी, दिव्याला अंग लागू न देता, कडेकडेने खाली उतरलात. डाव्या मोज्याला अंगठ्यापाशी भोक होते.

दादा, आमची बोट चिखलाने आधीच बरबटलेली होती. तुमच्या बुटांनी तिचे काहीही बिघडले नसते. अमेरिकेत मला ३१ वर्षे झाली. या काळात आमच्या घराच्या दाराशी ‘बूट येथे काढावेत’ अशी पाटी लावूनही ती न वाचता आत आलेले दुरुस्तीवाले आणि शेजारी मी पाहिले आहेत आणि कोणाला काही न बोलता मागाहून फरशी पुसली आहे. तुम्हाला पाटीची गरज पडली नाही. कदाचित दुसऱ्याच्या बोटीवर जाताना तुमच्याकडे तशी रीतच असेल. असे असले तरी तुम्ही थांबलात ते दिवा पाहून, हे मी जवळून पाहिले आहे. कोणाच्या तरी घरात, ते घर आडवे पडलेले असतानाही, आपण पाऊल ठेवतो आहोत, एवढे भान तुम्हाला होते. बोट वाचवल्याबद्दल मी तुमची ऋणी आहेच, पण रात्री झोप लागण्यापूर्वी मला आठवतात ते तुमचे ते दोन बूट.

सात वाजता बोट तरंगली. अमावास्येच्या त्या काळोखात तुम्ही पुढे आणि आम्ही मागे, असे आपण सुरक्षित जागी पोहोचलो. आम्ही नांगर टाकला आणि पैशांचे पाकीट पुढे केले, तेव्हा तुम्ही ते हातही न लावता परत केलेत.

याच वाटेवर उत्तर कॅरोलिनात एलिझाबेथ सिटी नावाचे गाव आहे. तेथे १९८३ साली फ्रेड फिअरिंग आणि जो क्रेमर या दोन गृहस्थांनी धक्क्याला लागणाऱ्या अनोळखी बोटवाल्यांना वाइन आणि चीज देण्याचा आणि बागेतले गुलाबाचे फूल हातात ठेवण्याचा रिवाज सुरू केला, आणि त्यामुळे ते गाव साऱ्या जलमार्गावर ओळखले जाऊ लागले. आम्ही तेथे दोन रात्री थांबलो होतो. त्या धक्क्यावर बसून मी यजमानांना म्हणाले होते की अशी माणसे आता इतिहासात जमा झाली. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत तुम्ही भेटलात. चांगुलपणा करणाऱ्याला मोठे काही करावे लागते असे नाही. त्याला समोरचा माणूस दिसावा लागतो. त्या सकाळी पाच बोटींवरच्या माणसांजवळ तुमच्यापेक्षा मोठी इंजिने, चांगली यंत्रे आणि भरपूर वेळ होता. तुमचा तर कामाचा दिवस बुडाला.

मला सख्खा भाऊ नाही. आमच्याकडे भाऊबीजेला ज्या बाईला भाऊ नसतो ती चंद्राला ओवाळते. लक्ष्मीपूजनानंतर दोन दिवसांनी आम्ही कंबरलँड बेटाच्या आडोशाला होतो. किनाऱ्यावर तेथली मोकाट घोडी चरत होती आणि सूर्य बुडाल्यावर पश्चिमेला, मुख्य भूमीच्या बाजूला, बीजेची बारीक कोर थोडा वेळ दिसली. दरवर्षीप्रमाणे मी तिला ओवाळले, आणि नंतर ताम्हण घेऊन उत्तरेकडे, तुमच्या खाडीच्या दिशेला वळून पुन्हा एकदा ओवाळले. यजमानांनी काही विचारले नाही.

या पत्रासोबत लोकरीच्या मोज्यांचे दोन जोड पाठवीत आहे. ते मी स्वतः विणले आहेत आणि अंगठ्यापाशी दुहेरी धागा घातला आहे. माप अंदाजाने धरले आहे. सैल किंवा घट्ट झाले तर कळवावे, म्हणजे दुसरे विणून पाठवीन. येत्या शरदात आम्ही पुन्हा त्याच वाटेने येणार आहोत, आणि या वेळी चढत्या पाण्यावर येऊ.

तुमची धाकटी बहीण