लिव्हर म्हटलं की दारूच का आठवते?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत 'इम्युनिटी वाढवा' म्हणून गुळवेलीच्या काढ्याची कृती आली होती, ती वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. माझ्या धाकट्या बहिणीला ऑटोइम्यून हेपेटायटीस आहे, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या तिच्याच टी सेल्स (इम्युनिटीच्या पेशी) तिच्या लिव्हरवर तुटून पडतात. पोरीने कधी फेणीला तोंड लावलेलं नाही, पण आपल्याकडे लिव्हर म्हटलं की आधी दारूच, चवथीला आलेल्या बायका स्टेरॉइडने सुजलेला तिचा चेहरा बघतात आणि मला बाजूला घेऊन विचारतात, "पिते काय गो ती?" खूप राग येतो हो. हा आजार बायकांत जास्त, रक्तात आयजीजी नावाचं प्रोटीन वाढतं, एएनएसारख्या स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या अँटीबॉडी सापडतात आणि नक्की करायला बायोप्सी लागते, दारूचा काही संबंध नाही.

मग या टी सेल्स बिथरतात का, हे मी वाचत बसले. डीएनएवरून उतरवलेल्या नकलेच्या, म्हणजे आरएनएच्या, काही अक्षरांवर पेशी एक छोटी केमिकल खूण लावते, तिला एम-सिक्स-ए म्हणतात. मेटल-थ्री नावाचं एन्झाइम ती लावतं, एफटीओ पुसतं, आणि तिसरी प्रोटीन्स ती वाचून ठरवतात की हा आरएनए लवकर मोडायचा की त्याच्यापासून प्रोटीन बनवायचं. 2017 मध्ये उंदरांच्या टी सेल्समधून मेटल-थ्री काढलं तर त्या कोऱ्याच राहिल्या, वाढेनात की लढेनात. पण पुढच्याच वर्षी फक्त रेग्युलेटरी टी सेल्समधून, म्हणजे बाकीच्यांना आवरणाऱ्या सेल्समधून काढलं तेव्हा त्यांचा वचक गेला आणि उंदरांना अंगभर ऑटोइम्यून आजार झाला. एकच खूण, पण कुठल्या सेलमध्ये बिघडते त्यावर सगळं! म्हणून लिव्हरच्या या आजारातही आता शास्त्रज्ञ तीच खूण तपासतायत. कोविडच्या एमआरएनए लसीतही आरएनएचं एक अक्षर बदललेलं असतं म्हणून इम्यून सेल्स त्याच्यावर खवळत नाहीत, कारिको आणि वाइसमन या शास्त्रज्ञांना 2023 चं नोबेल त्यासाठीच मिळालं.

यातून या आजारावर औषध अजून आलेलं नाही, माझ्या बहिणीला प्रेडनिसोलोन (हेच ते स्टेरॉइड) आणि अझाथायोप्रिनच घ्यावं लागतं, आणि त्या गोळ्या इम्युनिटी दाबतात, वाढवत नाहीत! 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेऊन लिव्हर बिघडलेल्या पेशंटच्या केसेस छापल्या, त्यात ऑटोइम्यून हेपेटायटीससारखीच लक्षणं होती. तेव्हा कृपा करून पुढच्या पुरवणीत तेवढीच जागा देऊन हे छापा, बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजातल्या (जीएमसी) एखाद्या लिव्हरच्या डॉक्टरांकडून मराठीत लिहून घ्या, आणि ऑटोइम्यून आजार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढा सुरू करू नये की गोळ्या बंद करू नयेत, हे ठळक अक्षरात टाका.

आपली नियमित वाचक,
फोंडा