गुरुवारच्या आत कळव

सदाशिव पेठ, पुणे
रविवार, दुपार

प्रिय कुमुद,

सप्रेम नमस्कार. पाच महिने झाले, मी तुला फोन केला नाही आणि तू केलास तो उचलला नाही. कारण आपल्या दोघींनाही ठाऊक आहे. जानेवारीत ह्यांच्या खुब्याच्या ऑपरेशननंतर तू विचारलंस, "पट्टी अजून ओली होतेय? मग गप्प बसू नकोस, मोठ्या डॉक्टरांना दाखव." आणि मी फटकन बोलून गेले, "तुला काय, जिथे तिथे मामंजींचा खुबाच दिसतो." तसं बोलायला नको होतं गं. माफ कर. छत्रीच्या प्रकरणात माफी तूच मागायची आहेस, चाळीस वर्षं झाली तरी, पण इथे चूक माझी.

माझी तब्येत बरी आहे. शुगर ताब्यात, गुडघे अधूनमधून.

बंडूने तुला थोडंफार सांगितलं असेल. कोविडात ह्यांना स्टेरॉइड द्यावे लागले होते, त्यानंतर खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडला आणि जानेवारीत सांधा बदलला, इथपर्यंत तुला माहीत आहे. बाराव्या दिवशी पट्टी बदलताना रुपयाएवढा पिवळट डाग दिसला. दुसऱ्या दिवशी तळहाताएवढा. मी पट्टी नाकाशी धरून पाहिली, वास काही नव्हता. त्याच रात्री तुझा फोन आला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात म्हणाले, टाक्यांची रिअ‍ॅक्शन आहे, सात दिवस गोळ्या घ्या. ओल थांबली. मी तळ्यातल्या गणपतीला नारळ ठेवून आले आणि मनातल्या मनात तुला म्हटलं, बघ, काही नव्हतं.

मार्चअखेर खुबा दुखायला लागला. चालताना दुखलं असतं तर समजू शकले असते, पण हे रात्री पडल्या पडल्या दुखायचं. मग व्रणाच्या खालच्या टोकाला मुरुमासारखा फोड आला. एके दिवशी आंघोळीनंतर टॉवेलला पू लागला. भोक टाचणीच्या डोक्याएवढं, पण ते थेट सांध्यापर्यंत गेलेलं होतं.

मग दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. रक्तात सीआरपी, म्हणजे आतली सूज किती ते सांगणारा आकडा, 48 आला. त्यांनी सुईने सांध्यातलं पाणी काढून तपासायला पाठवलं. जंतू निघाला स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस. कुमुद, हा जंतू आपल्या सगळ्यांच्या कातडीवर असतो. तुझ्या, माझ्या. एरवी काही करत नाही, पण शरीरात धातू मिळाला की त्यावर घर करतो. आपल्या वाड्यातला हौद आठवतो ना, कात्रजच्या पाण्याचा? पाणी उपसून नवं भरलं तरी तळ निसरडाच राहायचा, काथ्याने घासल्याशिवाय ती बुळबुळ निघायची नाही. तसाच थर हे जंतू धातूवर धरतात. औषध रक्तातून येतं आणि धातूत रक्त कुठलं? म्हणून गोळ्यांनी वरवर शांत होतं आणि आत तसंच राहतं.

आता जे लिहिते ते मी अजून कोणाला बोलले नाही, ह्यांनासुद्धा नाही. डॉक्टर सहज सांगून गेले की ओल सुरू झाल्यावर पहिल्या काही दिवसांत जखम उघडून आतून धुतली, बदलता येणारे भाग, म्हणजे वरचा गोळा आणि वाटीतलं अस्तर, बदलले तर पुष्कळदा मुख्य सांधा वाचतो. थर जुना झाला की नाही. त्यांनी मला दोष दिला नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही, ते ह्यांना समजावत होते. मी मात्र तिथे बसून दिवस मोजत होते. तुझा फोन आला ती तेराव्या दिवसाची रात्र होती.

एप्रिलमध्ये सांधा काढायचं ऑपरेशन झालं, दोनातलं पहिलं. दांडा हाडात रुजला होता, ओढून निघेना, म्हणून मांडीच्या हाडाला खिडकी पाडून काढला आणि हाड तारांनी बांधलं. काढलेल्या सांध्याचा फोटो डॉक्टरांनी मोबाइलवर दाखवला. पिंपरीच्या टूलरूममध्ये तीस वर्षं काढलेला माणूस, फोटो मोठा करून बघतो आणि म्हणतो, "फिनिश मात्र उत्तम आहे हं." डॉक्टर खो-खो हसले. त्या दिवशी मी पण हसले, किती दिवसांनी.

सांध्याच्या जागी आता स्पेसर आहे, नवा सांधा बसवेपर्यंतचा तात्पुरता. कवळीचं प्लास्टिक असतं ना, त्याच जातीचं हाडाचं सिमेंट, त्यात व्हॅन्कोमायसिन आणि जेंटामायसिन कालवलेलं. सिमेंट घट्ट होताना तापतं, म्हणून उष्णतेने न बिघडणारीच औषधं त्यात चालतात. ती आतल्या आत झिरपत राहतात. शिवाय दंडात नळी घालून सहा आठवडे इंजेक्शनं, रोज सकाळी नर्सबाई यायची. सोबत रिफॅम्पिसिन, टीबीतही देतात ते औषध. त्याने लघवी केशरी होते, घाम केशरी, बनियनच्या काखासुद्धा केशरी. शेजारच्या काकूंनी पाकीट पाहिलं आणि जिन्यात मला हळूच विचारलं, "टीबी आहे का हो?" हे आतून ओरडले, "नाही काकू, यंदा वारीला जाता येत नाही म्हणून पताका घरीच रंगवतोय!"

घरी वॉकर, पायांत उशी, गुडघ्यापेक्षा खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही. देवासमोर पाटावर बसणारा माणूस खुर्चीवरून पूजा करतो. मला ते बघवत नाही, पण मी फुलं हातात देते.

वाचतात खूप. चार्न्ली नावाचा इंग्रज सर्जन, त्याच्याबद्दल तर मला पाठ झालंय. आधी टेफ्लॉनच्या वाट्या बसवल्या, त्या झिजल्या, मग 1962 पासून पॉलिएथिलीनच्या. घरी लेथ होता त्याच्याकडे, म्हणून ह्यांना तो आपल्यातला वाटतो. सुरुवातीला त्याच्या शंभरातल्या सात-आठ जणांना जंतुसंसर्ग व्हायचा. ऑपरेशनच्या जागी गाळलेली हवा सोडायची सोय करून आणि इतर काळजी घेऊन तो एकाच्या आसपास आणला. हे सांगताना ह्यांचा चेहरा असा खुलतो की मला वाटायचं, दुसऱ्या ऑपरेशनला हे उड्या मारत जातील.

आणि आता नाही म्हणतात.

अकरावा आठवडा चालू आहे. सीआरपी 6 वर आला. औषधं थांबवून दोन आठवड्यांनी पुन्हा पाणी काढलं, ते चौदा दिवस ठेवूनही त्यात काही उगवलं नाही. डॉक्टर म्हणाले, आता नवा सांधा बसवू. दहातल्या आठ-नऊ जणांचं पुन्हा उलटत नाही. गुरुवारपर्यंत सांगा.

पण शुक्रवारी पालख्या आल्या. दर वर्षी हे लक्ष्मी रोडला तेलाची बाटली घेऊन बसतात, वारकऱ्यांचे पाय चोळतात. यंदा खिडकीत खुर्ची टाकून दिली. आपल्या वाड्यात उतरलेल्या दिंडीत एक म्हातारबाबा होते, एक पाय चांगला दोन इंच आखूड, बुटाला जाड तळवा, हातात काठी. आळंदीहून चालत आलेले, पुढे दिवे घाट चढणार. ह्यांनी त्यांना वर बोलावलं, चहा दिला, लहानपणी खुब्यात पू झाला होता, गोळा काढून टाकला, एवढंच ते म्हणाले. ते गेल्यावर हे बराच वेळ खिडकीतच होते. रात्री म्हणाले, "शालू, हा स्पेसर काढू दे, पण नवीन काही घालायचं नाही. त्याचा गर्डलस्टोन झालाय, म्हणजे गोळा काढून जागा तशीच ठेवलीय, आणि तो पंढरपूरला चालत जातोय. मी त्या दहातला शेवटचा निघालो तर? परत पू, परत खिडकी, परत तुझ्या हातात ती पट्टी? मला नको."

मी म्हटलं, तो माणूस लहानपणापासून तसाच चालत आलाय, तुम्ही चौसष्टाव्या वर्षी शिकणार का? भांडलो. मग मी रडले, मग त्यांनी मला चहा करायला लावला, कारण त्यांना उठता येत नाही.

कुमुद, म्हणून तुला लिहिते आहे. मामंजींना तू सव्वीस वर्षं सांभाळलंस. मिरजेला त्यांचा गोळा काढला तो त्यांच्या तरुणपणी. आम्ही सगळ्यांनी त्यांना अंगणात ताठ चालतानाच पाहिलं. रात्री काय व्हायचं ते फक्त तुला माहीत. ते कण्हायचे का? कंबर जायची का? जिना चढताना तुझा हात लागायचा का? मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस. त्यांना खरोखर त्रास नव्हता असं तू म्हणालीस तर मी ह्यांच्याशी भांडणार नाही, त्यांच्या मनासारखं होऊ दे. त्रास होता म्हणालीस तर तुझं पत्र त्यांना वाचून दाखवीन. तुझं ते ऐकतात, माझं ऐकत नाहीत, हे लग्नाच्या पंगतीपासून चालू आहे.

सूनबाईला सातवा लागला ना? डोहाळजेवणाला मी येऊ शकणार नाही, हिरवी साडी बंडूबरोबर पाठवते. घर रंगवून झालं का? शिंदे मावशींचं काय झालं ते सविस्तर लिही.

आणि एक. मामंजींची ती उंच कमोडची खुर्ची माळ्यावर असेल तर स्वारगेटच्या गाडीत टाकून दे, बंडू उतरवून घेईल. आम्ही आणलेली डुगडुगते आणि ह्यांना रात्री तिची भीती वाटते. गुरुवारी काहीही ठरलं तरी ती लागणारच आहे.

तुझी,
शालू