तिकिटावरचे साडेपाच तास

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

तिकिटावर 12 जानेवारी, विमान मुंबईहून सुटणार 1:30 आणि न्यूयॉर्कला पोहोचणार सकाळी 7:00 असं दिसेल. प्रवास साडेपाच तासांचा नाही, सोळा तासांचा आहे. दोन्ही वेळा आपापल्या गावच्या असतात आणि हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यामागे साडेदहा तास असतं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिथली घड्याळं एक तास पुढे करतात. मग फरक साडेनऊ तासांचा उरतो.

मोठी चूक होते ती 1:30 मुळे. ही 11 तारखेची रात्र आहे! 12 ला संध्याकाळी नाशिकहून निघालात तर विमान केव्हाच निघून गेलेलं असेल. मुंबईच्या टर्मिनल 2 वर 11 ला रात्री साडेनऊपर्यंत पोहोचा. नाशिकहून चार तास धरतात, पण कसारा घाटात ट्रक अडकला की हिशोब संपला. दुपारी चारलाच निघा.

बाबा, अंतर साधारण 12,500 किलोमीटर. नकाशावर पट्टी ठेवू नका. 30 सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल घ्या आणि मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणा. तो जेमतेम 30 सेंटिमीटर भरेल आणि आइसलंडजवळून जाईल. सर्वांत जवळची वाट तीच. विमान मात्र या दोऱ्यावरून जाईलच असं नाही. एप्रिल 2025 पासून पाकिस्तानचं आकाश भारतीय विमानांना बंद आहे, त्यामुळे त्यांना अरबी समुद्रावरून वळसा पडतो.

ताशी 900 किलोमीटरने चौदा तास पुरे व्हायला हवेत. पण दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, हिवाळ्यात तर जास्तच. जाताना ते समोरून येतात, येताना पाठीशी असतात. म्हणून परतीचे तास कमी. तरी तिकिटावर उलटंच दिसेल: दुपारी 12 ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी 1 ला मुंबई. प्रत्यक्षात साडेचौदा तास. या वेळेत धावपट्टीपर्यंत सरकणंही धरलेलं असतं.

आई, रात्री नऊची रक्तदाबाची गोळी न्यूयॉर्कच्या घड्याळात सकाळी साडेदहाला येते. तिथे रात्री नऊला घेतलीस तर साडेदहा तासांची जास्तीची फट पडते. कोणत्या दिवशी किती वाजता घ्यायची ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घे. गोळ्या चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत ठेव, मोठ्या बॅगेत नको.

व्हीलचेअर किमान 48 तास आधी सांगावी लागते. सीट दोघांनाही आतल्या वाटेजवळची घ्या. दर तास-दीड तासाने उठून चाललात तर पायांत रक्त साकळण्याचा धोका कमी होतो. खिडकीचा हट्ट, बाबा, परतीला करा.

तुमची,
धाकटी